उत्तरेच्या भिंतीचे ड्रम

हिवाळ्यात शिवणकाम करणाऱ्या बाईचं सगळं अडतं ते बोटांपाशी. बोटं आखडली की सुईत दोरासुद्धा जात नाही. धाकट्या सुनेची ही अडचण सासऱ्यांनी ओळखली. ते निवृत्त बॉयलरवाले, दोन्ही मुलांकडे एकेक महिना पाळीनं राहायचे. त्यांनी दक्षिणेच्या खिडकीत पाण्याचे पाच ड्रम उभे केले आणि त्यांना काळा रंग दिला. दिवसभर पाणी ऊन पिऊन घ्यायचं. संध्याकाळी ड्रमांमागे खिडकीचा जाड पडदा ओढला की सकाळपर्यंत खोली उबदार! ना शेगडी, ना धूर.

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या थोरल्या जावेनं तिचं नाव ‘ड्रमवाली’ ठेवलं. इतक्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण तिनं सामाईक अंगणात, नेमका त्या खिडकीसमोर, स्कूटरसाठी पत्र्याचा आडोसा ठोकला. ऊन बंद! ड्रम गारठले आणि एका गिऱ्हाइकाचा अख्खा कोट वाकडा शिवला गेला. धाकटी आतून नुसती धुमसत होती.

आणि आठवड्याभरात जाऊबाईच हसत दारात!

“अगं, आम्हीही ड्रम आणलेत. कसे लावायचे गं?”

धाकटीनं साखर पेरल्यासारखं सांगितलं, “माझे काळे ड्रम खिडकीत गारठलेच की! तुम्ही उत्तरेच्या भिंतीला लावा. पांढरा रंग द्या. आणि दिवसा पडदे घट्ट ओढून ठेवा हं, ऊब बाहेर जाते.”

त्या दिवशी तिला शिवताना गाणं सुचत होतं. कुडकुडा म्हणावं आता!

महिना संपला. सासऱ्यांनी पिशवी उचलली आणि पलीकडे राहायला गेले, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाळी! सुडाच्या भरात ती पाळीच विसरली होती. कबूल करायला मात्र जीभ रेटेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली. बाबा कानटोपी, हातमोजे घालून गार ड्रमांशेजारी बसले होते. ओठ निळसर.

“बाबा, हे ड्रम चुकीचे लागलेत, तुम्हाला कळलं नाही?”

“तीस वर्षं बॉयलरवर काढली मी. आल्या आल्या कळलं. कोणी सांगितलं तेही कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“मी बोललो असतो तर ड्रम सुधारले असते. तुझं काय?”

“त्यांनी माझं ऊन अडवलं!” तिचा आवाज चढला.

“अडवलं, ते चूकच. त्यांच्या दारात उभी राहा, चार लोकांत भांड, मी तुझ्या बाजूनं येतो. पण विचारायला आलेल्याला खोटं शिकवायचं? पोरी, पाण्याला आपली भाऊबंदकी कळत नाही. ते गार राहिलं की खोलीतल्या सगळ्यांना गारठवतं.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तडक स्वयंपाकघरात गेली.

“जाऊबाई, मी मुद्दाम खोटं सांगितलं. तुमच्यावर सूड उगवायला!”

जाऊ उसळली, “अगं बाई! म्हाताऱ्या माणसाला थंडीत मारणार होतीस?”

“चुकलं माझं! पण हिवाळ्यात स्कूटरला सावली कशाला लागते हो?”

जाऊबाईंनी पदर खोचला. मग बादल्या आल्या, कारण भरलेला ड्रम हलतो थोडाच! दोघींनी एकमेकींना टोमणे मारत पाणी उपसलं, ड्रम दक्षिणेच्या खिडकीत नेले, काळे रंगवले, पुन्हा भरले. रविवारी थोरल्या दिरांनी पत्रा काढला.

दोन्ही घरं आता उबदार आहेत. पण त्या तीन दिवसांत बाबांच्या छातीत बसलेला खोकला अजून गेलेला नाही. शिवता शिवता तो भिंतीपलीकडून ऐकू आला की धाकटीचं मशीन थांबतं.

मंडळी, शेजाऱ्याचा राग आला तर उघड भांडा, हक्काचं ऊन मागून घ्या. पण त्याला गारठवायला निघण्याआधी एवढं बघा, की त्याच्या घरात आपलं कोण बसलंय.