टाकीचं आगाऊ माप

सिन्नर रस्त्यावरच्या आमच्या पंपाखालच्या टाकीत रोज पट्टी बुडवून डिझेल मोजायचं आणि घट दिसली तर कळवायचं, असा नियम आहे. सासरे नाना नियमाचे पक्के. एक तारखेलाच उदबत्ती लावून अख्ख्या महिन्याची मापं लिहून टाकतात.

आज माझ्या तान्ह्या ओवीला न्हाऊ घातलं, तर तिच्या जावळाला डिझेलचा वास. पाणी आमच्या पंपामागच्या बोअरचं.

"नाना, टाकी गळतेय."

"रजिस्टर बघ, सूनबाई. तीस तारखेपर्यंत थेंब कमी नाही."

"आज बारा तारीख आहे."

"म्हणूनच म्हणतो. कळवलंस तर पुढची सगळी मापं खोटी पडतील."

ओवीला टॉवेलात गुंडाळून मी तेल कंपनीला फोन लावला.

"गळतीचा पुरावा काय?" तिकडून विचारलं.

"माझी मुलगी," मी म्हटलं. "या आणि वास घ्या."