घरच्या डब्याची बिअर

"मानवी संस्कृती नांगरानं घडली नाही, लेखणीनंही नाही. ती घडली बिअरनं! आणि बिअरला फेस यावा म्हणून तिच्यात साखर घालणारा माणूस हा त्या संस्कृतीचा मारेकरी आहे."

परदेशात, हेन्डरसनमधल्या आपल्या गॅरेजात यशोधननं ही घोषणा केली तेव्हा त्याच्या एका पायात काळी जँडल चप्पल होती, दुसऱ्यात निळी, आणि काखेत सासूबाईंची लोणच्याची बरणी.

श्रोते एकच, सासरे काशिनाथराव. पुण्याच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. लेकीकडे येऊन दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत जावयाशी त्यांचं बोलणं 'जेवलात का?' आणि 'आज वारा आहे' यापुढे सरकलं नव्हतं. आज गडी बोलतोय म्हटल्यावर त्यांनी घाईघाईनं प्रश्न टाकला.

"मग साखरेवाचून फेस येतो कसा?"

यशोधनचा चेहरा उजळला. समोर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, आणि हॉप्स नावाची कडू फुलं उकळून केलेलं वीस-बावीस लिटर गोड-कडू पाणी होतं. त्याला म्हणायचं वर्ट. त्यातलं दोन लिटर यीस्ट घालायच्या आधीच त्यानं बरणीत काढून ठेवलं होतं. उरलेल्यातली साखर यीस्ट दोन आठवड्यांत फस्त करणार आणि सुस्त पडणार. बाटल्या भरताना हे राखलेलं वर्ट त्यात घातलं की यीस्ट पुन्हा जागं होणार, खाणार, आणि झाकणाखाली कोंडलेला वायू बिअरमध्ये मुरणार.

"म्हणजे विरजण."

"नाही बाबा. विरजण जिवंत असतं. बरणीत कुणीच नाहीये, नुसता खाऊ आहे."

"अच्छा. परगावच्या पोराला घरचा डबा."

"एक्झॅक्टली!" यशोधन इतका खूश झाला की त्यानं बरणी सासऱ्यांच्याच हातात दिली. "मी उद्यापासून पंधरा दिवस पोरिरुआला, ऑफिसच्या कामाला. ही फ्रिजमध्ये ठेवा. तुम्ही लक्ष ठेवा हिच्यावर."

लग्नाला सात वर्षं झाली होती. जावयानं सासऱ्यांवर काही सोपवण्याची ही पहिलीच वेळ.

आता, लक्ष ठेवायचं म्हणजे नमुना घेणं आलंच. काशिनाथराव रोज सकाळी बरणी तिरकी करून एक घोट वरून, ओठ न लावता, तोंडात सोडत. उष्टं होऊ देण्याइतके ते बेजबाबदार नव्हते. पहिल्या दिवशी काकवीत कडुनिंब कालवल्यासारखं लागलं. दुसऱ्या दिवशी मागून भाजक्या भाकरीची चव आली. तिसऱ्या दिवशी, काल भाकरी लागली की पोळी, याची खात्री करण्यासाठी दोन घोट घ्यावे लागले. कुतूहलाला माप नसतं. बरणीला असतं. चौदाव्या दिवशी वर्ट चांगलं अर्धा लिटर खाली गेलं होतं.

"इथे आल्यापासूनचा खोकला बरा दिसतोय तुमचा," त्यांच्या पत्नी मंदाताई म्हणाल्या. "रोज काय पिता हो फ्रिजपाशी?"

"पाणी."

काशिनाथरावांनी भारतीय दुकानातला गूळ आणला, पाण्यात उकळला, निववला आणि बरणी पूर्ववत भरली. गूळ किती घालायचा? घरचा डबा आहे, कमी पडायला नको म्हणून दुप्पट.

यशोधननं परत येऊन बाटल्या भरल्या. प्लास्टिकच्या सत्तावीस बाटल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या शेजारी, उबेला बसल्या.

"रोज दाबून बघायच्या, बाबा. टणक झाल्या की समजायचं, वायू झाला."

काशिनाथराव आंबे चाचपावेत तशा बाटल्या चाचपत. तिसऱ्या दिवशी टणक. पाचव्या दिवशी दगड. सहाव्या दिवशी त्यांनी चाचपणं सोडून दिलं आणि कपाटावरून जाताना पावलं हलकी टाकू लागले.

दोन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, शेजारचा ब्रायन बार्बेक्यूला आला. यशोधननं पहिली बाटली उघडली. फेस वर आला, येतच राहिला, मनगटावरून उतरून निळ्या जँडलीत गेला. खाली उरलेलं ब्रायननं चाखलं.

"स्वीट ॲज, मेट! एकदम झकास! शेवटी ते काय लागतं? टॉफी?"

"शुद्ध माल्ट," यशोधन छाती काढून म्हणाला. "साखरेचा कण नाही."

काशिनाथरावांना गप्प बसता आलं असतं. पण चौतीस वर्षांत त्यांनी एकही खोटा अहवाल दिला नव्हता.

"यशोधनराव," ते मराठीत हळूच म्हणाले, "संस्कृतीचा मारेकरी मी. तो गूळ आहे."

सगळी हकीकत ऐकून यशोधननं ग्लास उजेडाकडे धरला.

"पण प्यायलात कशाला?"

"डब्यात काय असतं ते कळेना ना. रोज वेगळंच लागायचं."

"रोज वेगळं?" यशोधन पुढे सरकला. "म्हणजे कसं? आणि गूळ किती घातलात?"

"चवीनं."

"प्रयोगशाळेतला माणूस तुम्ही, आणि चवीनं?" त्यानं खिशातून पेन काढलं, कागद सापडेना म्हणून बाटलीचा खोका ओढला. "बसा इथे. पहिल्या दिवसापासून सांगा. आपण पुढची मुद्दाम गुळाची करू."

काशिनाथराव बसले, घसा साफ केला, आणि "पहिल्या दिवशी कडुनिंब" एवढं म्हणतात तोच दारात मंदाताई उभ्या.

"तुमचं संशोधन चालू द्या," त्या म्हणाल्या, "पण ती बरणी तेवढी धुऊन द्या. लोणच्याची लिंबं पिवळी पडलीत."