नोंदवहीत एकटीचंच नाव

आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला लागलेली कीड माझ्या धाकट्या जावेनेच आणली, असं मी अकरा दिवस सगळ्यांना सांगत होते. सासऱ्यांना सांगितलं, दिराला सांगितलं, शेजारच्या औषधवाल्यालासुद्धा सांगितलं. तिच्या तोंडावर तर रोजच सुनावत होते. मला ती डोळ्यांसमोर नको असायची, हे आधीच कबूल करून टाकते.

ती एक तारखेपासून काउंटरवर बसायला लागली. लग्नाआधी एका दवाखान्यात नावं नोंदवायचं काम करायची. लग्नानंतर पाच वर्षं घर, मूल आणि सासूबाईंचं दुखणं. मूल शाळेत जायला लागलं तशी तिने सासऱ्यांकडे दुकानातली खुर्ची मागितली, आणि नुसती मागितली नाही, हात धुऊन मागे लागली. "मला दुपारभर भिंतींकडे बघत बसवत नाही," असं तिने त्यांना जेवताना सरळ सांगितलं. शेवटी ते हो म्हणाले, पण जमलं नाही तर परत घरी, असं बजावूनच.

तिला जमलं, हाच घोटाळा झाला. फ्रेम दाखवताना ती माणसासमोर आरसा धरून दहा-दहा मिनिटं उभी राहायची. दोन दिवसांत गिऱ्हाइकं मला विचारायला लागली, "त्या दुसऱ्या ताई नाहीत का आज?" बारा वर्षं मी त्या दुकानात बसते. हा प्रश्न ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

तीन तारखेला तो प्रकार सुरू झाला. ब्राउझर उघडला की आमच्या नेहमीच्या पानाऐवजी भलतंच पान यायचं, वर शोधायची चौकट आणि खाली जाहिरातीच जाहिराती. भिंगांच्या कंपनीचं नाव टाइप करावं तर वजन उतरवायच्या गोळ्या समोर. कोपऱ्यातून सूचना उसळायच्या, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सतरा व्हायरस आहेत, ताबडतोब इथे दाबा. आमचा स्क्रीन अर्धा गिऱ्हाइकाकडे वळवलेला असतो, फ्रेमचे फोटो दाखवायला. पाच तारखेला एका शाळेच्या मुख्याध्यापिका समोर बसल्या होत्या आणि नेमकी तेव्हाच अर्ध्या कपड्यांतली एक बाई स्क्रीनवर आली, त्यांच्याशी ओळख करून घ्यायला उत्सुक असलेली. मुख्याध्यापिका पर्स उचलून चालत्या झाल्या.

"काय दाबलंस?" मी धाकटीला सगळ्यांदेखत विचारलं.

"काही नाही ताई. ऑर्डर आली का तेवढं बघत होते."

"मग ही बाई काय आपल्या पायाने चालत आली?"

"मला खरंच माहीत नाही."

"माहीत नाही तर हात कशाला लावतेस?"

ती लालबुंद झाली आणि फ्रेमचे ट्रे पुसायला लागली. दुकानात कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मी एकटी, त्यामुळे माझा शब्द म्हणजे निकालच. माझा नवरा मागच्या खोलीत मशीनवर भिंगं घासतो आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. दीर म्हणजे तिचा नवरा. तो माल पोचवायला बाहेर असतो आणि बायकोची बाजू घेण्यापेक्षा फोनमध्ये डोकं घालणं त्याला सोपं जातं.

माझ्याकडे पुरावाही होता. फार वर्षांपूर्वी भिंगं घासायच्या मशीनवर आमच्या एका कारागिराचं बोट गेलं. तेव्हापासून सासऱ्यांचा नियम आहे की मशीनला जो हात लावेल त्याने वेळ, नाव आणि काम वहीत लिहायचं. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी त्यालाही दोरीने एक वही बांधली. मी त्यात कधीच काही लिहिलं नाही, नवऱ्याने नाही, दिराने नाही. कॉम्प्युटरवर बोट तुटत नाही, असं आम्ही हसून सोडून द्यायचो. धाकटीला मात्र पहिल्या दिवशी सासऱ्यांनी नियम सांगितला आणि तिने तो पाळला. दहा पाच, चालू केला. दहा वीस, भिंगांची ऑर्डर पाहिली. दहा तीस, माऊस पुसला. पानंच्या पानं तिच्या गोल अक्षरात.

ती वही मी सासऱ्यांसमोर नेऊन आपटली. "बघा बाबा, सगळीकडे हिचंच नाव. दुसऱ्या कोणी हातच लावलेला नाही." आपण धडधडीत खोटं बोलतोय, हे मला त्या वेळी जाणवलंसुद्धा नाही. सासऱ्यांनी वही चाळली आणि म्हणाले, चौदा तारखेला चार वाजता बसू आणि ठरवू. काय ठरणार ते सगळ्यांना माहीत होतं.

चौदा तारखेला दुपारी एकला दुकान बंद झालं आणि मी सफाईला बसले. चारच्या आत कॉम्प्युटर स्वच्छ करायचा, तिने काय काय घातलं त्याची यादी काढायची आणि ती यादी वाचून दाखवायची, असा माझा बेत होता. ब्राउझरमध्ये न बोलावलेली तीन एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला चिकटणारे छोटे प्रोग्रॅम, ठाण मांडून बसली होती. ती काढली, पहिलं पान पुन्हा आमचं केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तिन्ही हजर. म्हणजे त्यांना आत घेणारा कोणीतरी कॉम्प्युटरमध्येच होता. मी बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली आणि ती तारखेप्रमाणे लावली. एकाच दिवशी आलेली चार नावं एकाखाली एक उभी राहिली. एक म्हणे स्वस्त वस्तू शोधून देणार, एक कॉम्प्युटर तंदुरुस्त ठेवणार, एक झटपट शोध लावणार. चौथा होता पीडीएफ जोडायचा फुकट प्रोग्रॅम.

तारीख होती गेल्या महिन्याची अकरा. धाकटी दुकानात आली त्याच्या जवळजवळ तीन आठवडे आधीची.

मी ब्राउझरची डाउनलोडची यादी उघडली. तीच तारीख, दुपारचे दोन सतरा, फाइलचं नाव. आणि मग मला सगळं आठवलं, नको इतकं स्पष्ट. एका शाळेत डोळे तपासून आम्ही साठ मुलांचे कागद स्कॅन केले होते आणि ते तीनच्या आत एकाच फाइलमध्ये पाठवायचे होते. मी सर्चमध्ये "फुकट" असं घालून शोधलं आणि सगळ्यात वरच्या ओळीवर दाबलं. ती ओळ जाहिरातीची असते, हे मी दुसऱ्यांना शंभरदा सांगितलंय. हिरवं मोठं बटण आलं. मग एक खिडकी आली, सुचवलेल्या पद्धतीने बसवायचं की स्वतः निवडून. दुसरा पर्याय फिकट अक्षरात होता. खाली आधीच खुणा केलेल्या चौकटी होत्या, त्यातली एकही मी वाचली नाही. पुढे, पुढे, पुढे, झालं. पाच मिनिटांचं काम, साठ कागद गेले आणि मी विसरून गेले.

ह्या किडीची जात आल्या आल्या दंगा करत नाही. दोन-तीन आठवडे गप्प पडून राहते. कोणी आणली ते कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि मग ती तोंड वर काढते तेव्हा जो समोर बसलेला असतो त्याच्या डोक्यावर खापर फुटतं. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

लाज वाटली असं सांगायला आवडलं असतं, पण आधी वाटली ती भीती, आणि लगोलग राग आला, तोही धाकटीचाच. ती आली नसती तर हे कोणी शोधलंच नसतं, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं. मी डाउनलोडच्या यादीतल्या त्या ओळीवर गेले आणि ती पुसली. सफाईत त्या ओळीला हात लावायची काही गरज नव्हती.

अडीचला धाकटी दुकानावरच्या आमच्या घरातून चहा घेऊन खाली आली. तिचे डोळे सुजलेले होते. तिने कप कीबोर्डपासून लांब ठेवला.

"सापडलं का काही?" तिने विचारलं.

"अजून नाही," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी चारही प्रोग्रॅम मुळापासून काढले, एक्स्टेन्शन उडवली, ज्या ज्या पानांना सूचना पाठवायची परवानगी होती ती सगळी काढून घेतली, ब्राउझर नव्यासारखा केला आणि दोनदा बंद-चालू करून पाहिला. काही परत आलं नाही. कॉम्प्युटर स्वच्छ झाला आणि माझ्याविरुद्ध त्यात काहीही उरलं नाही.

चारला सगळे जमले. सासरे काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसले, वही मांडीवर घेऊन. दीर दाराला टेकला. माझा नवरा हात पुसत मागून आला. धाकटी फ्रेमच्या कपाटापाशी उभी राहिली, तिला कोणी बस म्हटलं नाही.

सासऱ्यांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले. "दहा पाच, चालू केला. दहा वीस, ऑर्डर पाहिली. दहा तीस, माऊस पुसला." ते थांबले. "माऊस पुसला! अगं, हे काय लिहायचं असतं?"

दीर हसला. माझा नवराही हसला, आणि तो सहसा कशालाच हसत नाही.

"अकरा दहा, स्क्रीन पुसला. अकरा पन्नास, काही केलं नाही, नुसती बसले." आता सासरेही हसायला लागले. "ही वही आहे की रोजनिशी?"

"मी आधीच म्हणालो होतो," दीर फोनवरून नजर न काढता म्हणाला, "हिला नाही झेपणार. घरीच बरी आहे ती."

धाकटीने कोणाकडे पाहिलं नाही. ती कपाटाच्या काचेवर नखाने काहीतरी खरवडत होती. मला तिची दया आली असं नाही. माझं टाळकं सटकलं ते दिरावर. एक ओळ टाइप करायची तर हा मला बोलावतो, बायकोने बारा दिवस काउंटर सांभाळला तो ह्याला दिसला नाही, आणि हा तिला घरी पाठवतोय.

"ते मी घातलंय," मी ओरडले. "गेल्या महिन्यात, अकरा तारखेला. शाळेचे कागद जोडताना. ही तेव्हा दुकानात नव्हतीच. हिने काही केलेलं नाही."

हसणं बंद झालं. सासऱ्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे बघत राहिले.

"तुझ्याकडून झालं होय?" ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मग असू दे. घाईत होतं असं. काम करणाऱ्याकडूनच चुका होतात."

"आणि माझ्याकडून झालं असतं तर?" धाकटी म्हणाली.

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि भिंगं पुसायच्या कापडाने नव्हे, शर्टाच्या टोकाने पुसायला लागले, जे ते गिऱ्हाइकांना कधीही करू देत नाहीत. "तू ये उद्यापासून," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "विषय संपला."

"उद्यापासून कशाला? पाचला दुकान उघडतंय."

पुरुष एकेक करून पांगले. दीर बाहेर पडताना तिच्याशी काहीतरी पुटपुटला, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग तिने खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली, पण मध्ये हातभर जागा सोडून.

"कसं काढलंत ते मला दाखवा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. पुन्हा आलं तर माझ्यावर कोणी बोट दाखवायच्या आत मला स्वतःला शोधता आलं पाहिजे."

मी दाखवलं. एक्स्टेन्शन कुठे असतात, प्रोग्रॅमची यादी तारखेने कशी लावायची, बसवताना "स्वतः निवडा" का दाबायचं. ती माझ्या हातातून माऊस काढून घ्यायची आणि प्रत्येक गोष्ट स्वतः दोनदा करायची. माझं ऐकताना ती एकदाही माझ्याकडे बघत नव्हती.

"आणि कोणत्या वेळी आलं ते कुठे कळतं?"

मी डाउनलोडची यादी उघडायला सांगितली. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. तिने यादी खाली खाली नेली. दहा तारीख होती, बारा तारीख होती.

"अकरा कुठे आहे?"

"पुसली मी."

"कधी?"

"सापडल्या सापडल्या."

"म्हणजे मी चहा आणला तेव्हा पुसून झाली होती."

"हो."

बाहेर कोणीतरी शटर वाजवून पाच वाजलेत का ते विचारत होतं.

"हे लोक मला हसले नसते," ती म्हणाली, "तर तुम्ही सांगितलं असतं?"

खोटं बोलायला मला फार वेळ लागला नसता. गेले अकरा दिवस मी तेच करत होते.

"नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मग माऊस पुन्हा हातात घेतला. "बरं," ती म्हणाली, "आता त्या सूचना कुठून बंद केल्या ते दाखवा."