काजळगडचे निखारे

माझ्या नणंदेने कित्येक महिने माझ्या स्वयंपाकाला एकदाही नावं ठेवली नाहीत, आणि मला वाटायला लागलं की आता आपल्याला वेडच लागणार.

हसू नका. आमच्या ताईंना जो ओळखतो त्यालाच हे कळेल. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहतात. कपड्यांच्या कारखान्यात शिवून आलेले शर्ट तपासायचं काम करतात. एक टाका उसवलेला दिसला की अख्खा गठ्ठा माघारी. आणि तीच नजर, तीच जीभ घेऊन संध्याकाळी घरी यायच्या. सूप पाणचट आहे, बटाटे कच्चे आहेत, केक आहे का वीट आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यासमोर ताट आपटलं होतं. त्यांनी ते उचललं, पुसलं आणि म्हणाल्या, "आपटायला जमतं तुला. आता शिजवायलाही शीक." तेव्हापासून आमचं मेतकूट जमलं. रोज भांडायचो आणि भांडणाशिवाय दोघींना घास उतरायचा नाही.

मग त्यांना तो ताप आला. ताप गेला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, सध्या साधं, बिनतिखट द्या, चव येईल हळूहळू, कधी ते सांगता येत नाही. त्या दिवसापासून ताई पानावर बसायच्या, मुकाट जेवायच्या आणि उठताना म्हणायच्या, "छान झालंय."

छान! एकदा मी मुद्दाम सुपात मीठच घातलं नाही. म्हटलं बघू तरी. शेवटच्या चमच्यापर्यंत प्यायल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय गं." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मला माझी भांडकुदळ नणंद परत हवी होती, बाकी काही नको.

आता 'काजळगड'बद्दल सांगते. टीव्हीवरची मालिका आहे. गड, ड्रॅगन, त्यांच्यावर बसणारे स्वार, सगळे सदानकदा ओरडत असतात. मला एक ड्रॅगन दुसऱ्यापासून ओळखता येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. पण ताई वेड्या होत्या त्यापायी. पोहण्याची एक प्रशिक्षक, एक औषधवाली बाई आणि ग्रंथालयातले एक गृहस्थ असा त्यांचा कंपू होता. दर रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत जमायचा. ताईंनी कारखान्यात नाकारलेल्या कापडाचे सगळ्यांना अंगरखे शिवले होते. पन्नाशीची माणसं, अंगरखे घालून, कुठल्या ड्रॅगनवर कुणी बसावं यावर हमरीतुमरीवर यायची.

त्या मालिकेत नव्या स्वाराला ड्रॅगनवर बसण्याआधी 'निखारा' खावा लागतो. काळंकुट्ट गोल बिस्किट, वर भेगा, मध्ये लाल ठिपका, आणि जहाल तिखट. डोळे न मिटता जो खाईल त्याचा ड्रॅगन. तर त्या मालिकेचा शेवटचा भाग रविवारी लागणार होता, आणि ताई म्हणाल्या, "मंडळींना येऊ दे. तुम्ही सगळे बघा. मी आत पडते जरा."

ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडते म्हणे! मी ठरवलं, निखारे करायचे. खरे, चॉकलेटचे, तिखट. ताईंच्या हातात नेऊन ठेवायचे आणि त्यांना ओढून बाहेर आणायचं.

नवरा म्हणाला, "तिला चव कुठे लागतेय? कशाला एवढा घाट?"

"नाही लागली तर नाही. दिसतील तरी! कुणीतरी आपल्यासाठी खपलंय हे तरी कळेल."

"बरं बाई," असं म्हणून तो पेपरमागे गेला.

रविवारी दुपारी लागले कामाला. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. तिथे केसभर चूक चालत नाही, त्यामुळे घरात माप म्हटलं की माझं डोकं उठतं. लोणी आणि चॉकलेट वितळवलं, साखर घोटली, मैदा आणि कोको चाळून घातला, दालचिनीची पूड घातली. लाल मिरचीची पूड मात्र मी बेताने घातली. पाहुणे खाणार होते. बोटाने चाखलं. आधी गोड, मग मागून हळूच घशाला चटका. झकास! झाकण ठेवून गोळा थंड व्हायला फ्रिजमध्ये ठेवला आणि खोली आवरायला गेले.

इथेच माझं चुकलं. आमच्या घराची एक खोड आहे. शिजत असलेल्या भांड्याजवळून इथे कुणी नुसतं जात नाही. जाता जाता झाकण उचलायचं आणि चिमूटभर काहीतरी टाकायचं. सासरे, म्हणजे बाबा, तर आयुष्यभर औषधाच्या दुकानात पुड्या बांधत होते, त्यांचा हात आपोआप डब्याकडे जातो. एकाच आमटीत तीनदा मीठ पडलंय आमच्याकडे. पण फ्रिजमधल्या थंड गोळ्याच्याही वाटेला कुणी जाईल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

परत येऊन मी गोळे वळले, साखरेत घोळवले, मध्ये लाल मुरंब्याचा ठिपका ठेवला आणि ताटली ओव्हनमध्ये सरकवली. भेगा अश्शा सुरेख पडायला लागल्या की मीच माझ्यावर खूश. ओव्हन उघडला आणि मला शिंक आली. मग दुसरी. मग बाहेरून नवऱ्याची. मग बाबांना असा ठसका लागला की ते भिंत धरून उभे राहिले.

मी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. देवा! कानातून वाफ निघाली. नळाखाली तोंड धरलं तरी थांबेना.

"कुणी हात लावला होता माझ्या गोळ्याला?"

नवरा चप्पल शोधायला लागला. "मी आपली चमचाभर मिरची मळली त्यात. म्हटलं, तिला चव लागत नाही, तर जरा जास्त असू दे."

"चमचाभर? कुठला चमचा?"

"वाढायचा."

"कपाळ माझं! आणि बाबा, तुम्ही का खाली बघताय?"

"सूनबाई," बाबा म्हणाले, "मीही तोच विचार केला होता. त्याच्या आधी."

मला रागवायचं होतं, पण त्या दोघांचे चेहरे बघून रागच येईना. तिघांनी एकमेकांना न सांगता एकाच माणसासाठी मिरची घातली होती. पण आता करायचं काय? चॉकलेट संपलेलं, दुसरा घाणा होणं शक्य नाही, आणि दारावरची घंटा वाजली.

कंपू अंगरखे घालून आत आला. घाईघाईने निखारे भरलेला डबा मी लपवायच्या आत प्रशिक्षकबाईंनी तो हिसकावला. "अगं बाई, निखारे! खरे निखारे!" एक अख्खा तोंडात टाकला आणि पुढच्याच क्षणी स्वयंपाकघराकडे धावल्या, "दूध, दूध" करत. ग्रंथालयवाले डोळे घट्ट मिटून खुर्चीत बसले. औषधवाली त्यांना म्हणाली, "मिटले डोळे! गेला तुमचा ड्रॅगन," आणि स्वतः एक चावताच तिथेच फतकल मारून बसली. सगळीकडे शिंका, ठसके, हसणं, आरडाओरडा.

त्या गोंधळाने ताई बाहेर आल्या. घरातल्याच कपड्यांत, केस विस्कटलेले. डब्याकडे बघितलं. "निखारे केलेस? छान दिसतायत," म्हणाल्या.

परत छान. मी डबा मागे घेत म्हटलं, "ताई, नका खाऊ. बिघडलेत."

पण त्यांनी एक उचलला आणि तोंडात टाकला. चावला. थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता त्यांचे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं, कपाळावर घाम आला.

"थुंका ताई, आधी थुंका!"

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. सावकाश गिळलं.

"चव नाही लागत," ताई म्हणाल्या. "कोको नाही, साखर नाही, काही नाही. पण जळतंय." त्यांनी जिभेला बोट लावून बघितलं. "अगं, जळतंय मला!"

मी काही बोलणार तोच त्यांचा आवाज चढला. "ही बिस्किटं आहेत का दरोडा? कुणाचा जीव घ्यायला निघाली होतीस? आणि या कडा बघ, करपल्यात. साखर एका बाजूला ढीगभर, दुसरी बाजू बोडकी. ठिपका मध्ये ठेवतात, हा कुठे चाललाय? भिंगं घासताना अशीच आंधळी असतेस का गं?"

मी तिथेच बसले. रडत होते का हसत होते, मलाच कळत नव्हतं. बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"रडतेस काय? खोटं बोलतेय का मी?"

"नाही ताई," मी म्हटलं. "अजून सांगा."

"सांगते. आधी सरक, बसू दे मला. तो टीव्ही लावा कुणीतरी." मग प्रशिक्षकबाईंकडे बघून म्हणाल्या, "दूध कसलं पितेस? ड्रॅगनवर बसणार म्हणे!"

त्या माझ्या शेजारी टेकल्या. रुमालाने नाक पुसलं आणि दुसरा निखारा उचलला. मला राहवेना. हळूच विचारलं, "ताई, छान झालेत ना पण?"

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या, आणि डबा स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.