टलॉकसाहेबांचे काळे केस

ड्युनेडिन शहराचा नकाशा सातासमुद्रापार, मायदेशी एडिंबरात बसून काढलेला, आणि काढणाऱ्याने इथली टेकडी काही पाहिली नव्हती. त्यामुळे ग्रिझेल हॉलडेन या विधवेची जागा कागदावर सपाट आणि प्रत्यक्षात भिंतीला टेकवलेल्या ताटासारखी उभी होती. तिनं तिथंच घर बांधलं. वरच्या रस्त्यानं जाणाऱ्याच्या गुडघ्याला तिचं धुराडं लागायचं.

अट एकच होती: एक जानेवारीला दुपारी बाराच्या आत, जागा वाटणाऱ्या कंपनीच्या माणसानं घरात येऊन पेटलेली चूल पाहायची. नाहीतर जागा परत. चार महिने जहाजात ओकत आलेल्या ग्रिझेलकडे त्या उभ्या जागेशिवाय काही नव्हतं.

त्या दिवशी अकराला कंपनीचे टलॉकसाहेब आले. अदबीनं टोपी काढली. ग्रिझेलनं धाडकन दार लावलं.

साहेबांचे केस गाजरासारखे लाल होते.

"वर्षाचा पहिला पाय लाल केसांचा? माझ्या उंबऱ्यात? नाही म्हणजे नाही!" ती आतून ओरडली.

"अहो बाई, जागा जाईल!"

"जागा गेली तर एकदाच जाईल. लाल पायानं वर्षभर काहीतरी जात राहतं. मागं शेजारणीची बकरी गेली."

"मेली?"

"नाही हो. पाद्रीबाबांकडे गेली. परत यायला तयार नाही."

साहेब हळूच म्हणाले, "माझी आईसुद्धा दर नववर्षाला मला बाहेर उभं करायची. काळ्या केसांचा मामा येईपर्यंत. बर्फात."

ग्रिझेलचं मन हललं. दार हललं नाही.

"काळ्या केसांचा कुणी आणा ना, साहेब," ती काकुळतीनं म्हणाली.

गावात तसा एकच मेंढपाळ होता, आणि तो कालपासून पिऊन आडवा. साहेब गावात जाऊन हात हलवत परतले. पावणेबारा झाले. ग्रिझेल चुलीपुढं बसून रडू लागली.

एवढ्यात धुराड्यात खरखर झाली आणि काजळी लापशीत पडली. मग दार वाजलं.

दारात काळ्याकुळकुळीत केसांचा माणूस, हातात रिवाजाप्रमाणं कोळसा. एक भुवई तेवढी लाल राहिली होती. ग्रिझेलनं त्या भुवईकडं पाहायचं टाळलं.

"या, या! ओळख नाही, पण केस छान आहेत." तिनं त्याला व्हिस्की पाजली. "बाहेर एक लाल केसांचे साहेब असतील. त्यांना म्हणावं, आता खुशाल या."

पाहुणा गेला. बाहेरच्या पिंपात कुणीतरी डोकं बुचकळल्याचा आवाज आला. बाराला दोन मिनिटं असताना पुन्हा दार वाजलं.

"उशीर केलात, टलॉकसाहेब," ग्रिझेल डोळे पुसत म्हणाली. "आत्ताच एक गृहस्थ येऊन गेले."

"भेटले वाटेत," साहेब म्हणाले, आणि चूल पाहायला आत आले.