अनुबियासचं पान

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सिंदीच्या प्रमिलाबाई सावंगीला लेकीकडे, मेघाकडे, मुक्कामी राहिल्या. मेघा सकाळीच ड्युटीवर जाई. मग घरात त्या आणि माशांची काचेची टाकी.

मासे पाहून कंटाळा आला, पण आतल्या एका झाडानं त्यांना धरून ठेवलं. जाड, गडद हिरवी पानं, आल्यासारखं आडवं खोड, तेही दगडाला दोऱ्यानं बांधलेलं. मुळं पाण्यात उघडी. जन्मभर कापूस-तूर पेरलेल्या बाईला ते बघवेना. एका दुपारी त्यांनी दोरा काढला आणि झाड खालच्या रेतीत नीट दाबून बसवलं.

संध्याकाळी मेघाला हसू आवरेना. "आई, अनुबियास आहे ते. खोड गाडलं का सडते."

"काऊन सडन? वावरात आलं सडते का?"

मेघा पुन्हा हसली. "आता ते मले काय माहीत!"

"मंग पाहू ना करून."

दोघींनी खोडाचे दोन तुकडे केले. एक रेतीत गाडला, दुसरा दगडाला बांधला.

रोज चहाआधी प्रमिलाबाई वॉकर टेकत टाकीपाशी येत. बरेच दिवस काहीच हललं नाही. "एवढ्यात त कापसाच्या पऱ्हाटीले पात्या धरल्या असत्या," त्या कुरकुरत. गाडलेला तुकडाच जास्त टवटवीत वाटे. मग एका सकाळी त्याचं पान सुटून वर तरंगलं. खोड उपसलं तर हातात लिबलिबीत लगदा आला, वासही सुटला.

त्यांना हळहळ वाटली, पण डोक्यात दुसराच प्रश्न घोळू लागला. मातीत मरते, तर हे जगते कशावर? बांडगूळ झाडाचा रस पिते. दगडात काय आहे प्यायला?

"मासोळ्यांची घाण पाण्यात विरघळते ना," मेघा म्हणाली, "तेच त्याचं खत. पाण्यातूनच घेते ते."

त्यांनी दगडावरच्या झाडाचा दोरा कापला आणि बोटांनी ते हळूच ओढून पाहिलं. दगडासकट उचललं गेलं. मुळांनी दगड पकडला होता! आता दोऱ्याची गरजच नव्हती. आणि खोडाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा पोपटी कोंब.

डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली, तेव्हा कोंबाची पुंगळी झाली होती. त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"मी आणखी काई दिवस राह्यते."

"काऊन? गुडघा दुखून राह्यला का?" बाबारावांचा आवाज घाबरला.

"गुडघा बरा आहे. पान उलगडाचं आहे."

दुसऱ्या दिवशी बाबाराव गाडीत बसून स्वतःच आले. आधी बायकोची चाल निरखली, मग टाकीसमोर वाकून इकडून तिकडून पाहिलं.

"मले त काईच हलताना दिसत नाई."

प्रमिलाबाईंनी बाजूची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "असं उभ्या उभ्या नाई दिसत. बसा."