पुढचा रस्ता सांगणारे कागद

समज, तू आठ वर्षांची आहेस आणि ऑगस्टातल्या पॅरिसमध्ये पहिल्यांदाच एकटी पाव आणायला निघाली आहेस. मायलीस तशीच निघाली होती. ऑगस्टात तिथले बरेच दुकानदार सुट्टीवर जातात, तसा कोपऱ्यावरचा बेकरीवालाही गेला होता. त्याच्या दारावरच्या कागदावर जवळच्या उघड्या बेकरीचा पत्ता होता. पण तीही बंद निघाली आणि तिच्या दारावर आणखी पुढचा पत्ता होता. असे चार कागद वाचत मायलीस चालत राहिली.

पाचव्या दुकानातल्या बाईंनी लांबलचक गरम पाव तिच्या हातात दिला. "सांभाळून गं, नाहीतर पावच तुला घेऊन जायचा!" त्या हसल्या.

बाहेर आल्यावर मायलीसच्या लक्षात आलं, की परतीचा रस्ता एकाही कागदावर नव्हता. सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसत होत्या, खिडक्या बंद होत्या आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने पाव छातीशी इतका आवळला, की तो कडकन मोडला.

तेवढ्यात मागे खडखडाट झाला. बाई दुपारच्या सुट्टीसाठी शटर ओढत होत्या.

मायलीस वळली, जिवाच्या आकांताने धावली आणि परतीचा रस्ता विचारायला अर्ध्यावर आलेल्या शटरखालून वाकून आत शिरली.